बॉनेटवरचा हात

पत्र्याचे छप्पर आणि पूर्वेची भिंत यांच्यामध्ये एक लांबट फट होती, आणि सकाळ रोज त्या फटीतून गॅरेजात उतरे. आधी ती समोरच्या भिंतीच्या माथ्यावर बसे. त्या भिंतीवर वर्षानुवर्षे स्प्रे गनची धार तपासली गेली होती. लाल, करडे, पिवळे फवारे तिथे एकमेकांत विरघळून गेले होते, आणि उजेड त्यांच्यावर रेंगाळे, जणू त्याला कुठे जायचेच नव्हते. मग तो खिळ्यांना टांगलेल्या पान्यांवरून, झिजलेल्या पॉलिश पेपरच्या तुकड्यांवरून, थिनरच्या रिकाम्या डब्यांवरून सावकाश खाली येई. हवेतली बारीक पूड त्यात चमके. सर्वांत शेवटी तो निळ्या गाडीच्या बॉनेटवर आडवा पडे, आणि शटरपाशी ताटकळलेल्या गर्दीतून एकच आरोळी उठे.

"आला! हात आला!"

रोज तसेच होई. आरशासारख्या गुळगुळीत रंगातून एक उजवा पंजा वर येई. बारीक फुगीर ठिपक्यांनी काढलेला, पाचही बोटे पसरलेला, वाकड्या करंगळीचा. अशी करंगळी साऱ्या वस्तीत एकाच माणसाची होती, आणि ते, म्हणजे या गॅरेजचे थोरले रंगारी अण्णा, दोन महिन्यांपूर्वी वारले होते.

त्यांचा मुलगा भिंतीला टेकून उभा होता. बोलणे त्याच्या स्वभावातच नव्हते. लोक त्याला धाकटा म्हणत, तेवढे त्याला पुरे होते. दूरच्या एका मोटारींच्या कारखान्यात रंगविभागात त्याला जागा मिळाली होती. तो निघणार तोच हा हात उगवला, आणि पाठोपाठ त्याच्या मामाने कोणा एका महाराजांना आणले.

"आत्मा इथे अडकलाय," महाराज म्हणाले होते. "पोराने उंबरा ओलांडला, तर आत्मा कायमचा भरकटेल."

तेव्हापासून आई त्याला कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटे जाऊ देईना.

आजही महाराजांनी बॉनेटवर रात्रभर अंथरलेले ओले कापड उजेडाआधीच घडी करून बाजूला ठेवले होते. आता त्यांनी डोळे मिटून सूर लावला, "हे पंचभूतात्मक कंपन आहे! ऊर्ध्वगामी ऊर्जा पत्र्यातून स्पंदते आहे!"

"स्पंदते आहे," मामा गर्दीला म्हणाला. "ढकलू नका. मुलांना पुढे घ्या."

"महाराज," गर्दी सारून एक बाई पुढे आल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवीत. "गाडी माझी आहे."

"बाई, इथे कोणाचे काय आहे? देहसुद्धा आपला नाही."

"देहाचं नंतर बघू. मी रोज बसच्या दांड्याला लोंबकळत शाळेत जाते. माझी गाडी कधी देताय?"

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसले. महाराजांनी कान बंद करून ध्यान लावले. दुपारी छप्पर तापले, तसा हात विरत विरत नाहीसा झाला, आणि महाराजांनी त्याला रीतसर निरोप दिला. "जा, विश्रांती घे," ते म्हणाले. संध्याकाळी मामाने कापड पुन्हा पाण्यात बुडवून बॉनेटवर अंथरले. त्याला शांतिवस्त्र म्हणायचे, अशी आज्ञा होती.

शाळा सुटल्यावर बाई पुन्हा आल्या होत्या. धाकट्याला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारले, "ते कापड ओलं का असतं रे?"

"शांतिवस्त्र आहे ते."

"नाव नाही विचारलं. ओलं का?"

"हात पहिल्यांदा दिसला, त्याच्या आदल्या दिवशी छप्पर गळलं होतं. गाडीवर भिजलेली ताडपत्री पडून होती. महाराजांना मामानं ते सांगितलं."

"म्हणजे पाणी मिळालं की हात येतो. ऊन मिळालं की जातो. तू रंगारी आहेस. तुला हे कळलं नाही?"

कळले होते. पहिल्याच सकाळी कळले होते. उघड्या पत्र्याला घामट हात लागला, तर घामातले मीठ तिथेच राहते. वरून प्रायमर मारा, रंग मारा, लाखेसारखी चकाकी आणा. मीठ आत दबा धरून बसते. ओल मिळाली की ते रंगाआडून पाणी ओढून घेते, आणि जिथे जिथे मीठ, तिथे तिथे बारीक फोड उठतात. वाळले की बसतात. सरळ उजेडात ते दिसतही नाहीत. सकाळचा तिरपा उजेड त्यांना उघडे पाडतो.

"पण अण्णांनी उघड्या पत्र्याला कधीच हात लावला नाही," तो म्हणाला. "घासला की थिनरनं पुसायचा, मग हातमोजा. मला किती वेळा बोलणी खावी लागलीत त्यावरून. त्यांच्या हातून हे होणं शक्यच नाही."

"मी अण्णांचं विचारलंच नव्हतं. तुझं विचारलं होतं," बाई म्हणाल्या.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. सकाळी त्याने मागच्या खोलीत एका भंगारातल्या गाडीचा दरवाजा घेतला, पत्रा लागेपर्यंत घासला आणि त्यावर आपला घामेजलेला पंजा दाबून धरला. मग प्रायमर, रंग, वरचा चकाकीचा थर. पुरता वाळल्यावर त्याने त्यावर ओले गोणपाट टाकले आणि ते वाळू दिले नाही. तो वाट पाहत राहिला. बाहेर रोज आरोळी उठे, आत तो गोणपाटाचा कोपरा उचलून पाही, आणि शटर, आई, मामा, महाराज हे सारे आपल्यावर चढवलेले थरच आहेत असे त्याला वाटे. अखेर एका पहाटे दरवाज्यावर त्याचाच पंजा वर आला.

त्याच सकाळी तो दरवाजा उचलून गर्दीत गेला.

"अरे देवा, दुसरा!" मामाने हात जोडले. मागोमाग चारपाच जणांनी जोडले.

"हा कोणाचा, मामा?" धाकट्याने विचारले.

"कोणातरी पुण्यवान मृतात्म्याचा!"

धाकट्याने आपला पंजा त्या पंज्यावर ठेवला. बोटाला बोट जुळले. "हा माझा आहे. आणि मी अजून मेलेलो नाही."

हशा उसळला. महाराज गडबडले, पण क्षणभरच. "जिवंतपणीच तुझा आत्मा अडकला आहे, मूर्खा!"

हे अगदीच काही खोटे नाही, असे धाकट्याच्या मनात येऊन गेले.

बाईंनी गर्दीला मीठ, घाम, ओल, ऊन सगळे समजावून सांगितले. "आज कापड कोरडं घालून बघा. आत्म्याला पाण्याचं काय एवढं?"

"आत्मा कोपेल!" महाराज ओरडले.

तेव्हा गर्दीच्या कडेला बसलेली आई उठली. "माझ्यावर कोपायचे, तेव्हा ते दोन दिवस बोलायचे नाहीत. त्यापलीकडे काही नाही," ती म्हणाली. "आज कापड मी घालते. कोरडं."

दुसऱ्या दिवशी उजेड नेहमीच्याच वाटेने उतरला, बॉनेटवर आडवा पडला आणि निळ्या रंगावर नुसताच पडून राहिला. आरोळी उठली नाही. महाराज आले नव्हते. मामा म्हणाला, त्यांना तातडीचे बोलावणे आले.

"ऐका," बाई परतणाऱ्या लोकांना म्हणाल्या. "उद्या दुसरा कोणी दुसरा चमत्कार घेऊन येईल. हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, हे मला माझ्या हातानं करून बघता येईल का? बघू देत नसेल, तर घरी जा. दुःखात माणसाला काहीही खरं वाटतं. म्हणून तर दुःखातच जास्त प्रश्न विचारायचे."

गर्दी पांगली. धाकट्याने बॉनेट घासायला घेतले. चकाकी गेली, निळा गेला, प्रायमर गेला. खाली पत्र्यावर तांबूस गंजाने काढलेला पंजा होता. करंगळी वाकडी.

आई जवळ येऊन बघत राहिली. "म्हणजे हात त्यांचाच."

"त्यांचाच."

"पण ते तर कधी उघड्या पत्र्याला हात लावायचे नाहीत रे."

"नाहीत."

"मग?"

त्याच्या हातातला पॉलिश पेपर थांबला. अण्णा जाण्याच्या थोडे दिवस आधीची एक दुपार त्याला आठवली. तो याच गाडीचा निळा रंग कालवत होता, आणि इकडे घासण्याचा आवाज असाच मध्येच थांबला होता. त्याने मान वळवली, तेव्हा अण्णा बॉनेटवर वाकलेले दिसले. हातमोजा खाली पडला होता, उजवा पंजा पत्र्यावर सपाट टेकला होता, आणि डोळे मिटलेले होते. अण्णा पत्र्याची पातळी पाहत आहेत, असे त्याने स्वतःला सांगितले आणि तो पुन्हा रंग कालवू लागला.

"आई," तो म्हणाला, "त्यांना तेव्हाच उभं राहवत नव्हतं."