ती वाफ मी पाहिली होती

मी काचेची बरणी बोलतेय. लोणच्याची नव्हे. अकोल्याच्या एका हायस्कुलात, वऱ्हाडात इंग्रजांचा अंमल होता तेव्हा, विज्ञानाच्या खोलीत मला आणलं. माझ्यात वायू भरत. हायड्रोजन दोन भाग, प्राणवायू एक भाग. तोंडाशी जळती काडी नेली की धडाम् आवाज व्हायचा, दोन्ही वायू नाहीसे व्हायचे आणि माझ्या अंगावर आतून पाण्याची वाफ धरायची.

मला धुणारा, पुसणारा सहदेव. त्या खोलीचा चपराशी. अक्षरओळख नव्हती, पण पंधरा वर्षं हे सगळं त्याच्या हातांखालून गेलेलं. पाहुण्यांना तो सांगे, "दोघं पेटले, अन् पाहा, पाणी होऊन बसले!"

१९३८ साली साहेब तपासणीला येणार म्हणून शेषराव मास्तरांनी आदल्या दिवशी दुपारी तयारी मांडली. खोलीत ते आणि सहदेव, दोघंच. बाटलीत जस्ताचे तुकडे, वरून पातळ तेजाब. नळीतून हायड्रोजन येऊ लागला; त्याच्या ज्योतीवर थंड बशी धरली की तिच्यावर पाणी जमतं, ते साहेबांना दाखवायचं होतं. मास्तरांनी लगेच काडी ओढली.

"थांबा मास्तर, आतमंदी अजून हवा हाये. पयले ते निघू द्या."

"तू मले शिकवून राहिला काय? बशी धर ज्योतीवर!"

सहदेवने बशी धरली. मास्तरांनी नळीला काडी लावली. बाटलीत उरलेल्या हवेशी हायड्रोजन मिसळलेला. ज्योत आत शिरली आणि बाटली फुटली. एक काच माझ्या काठावर बसली. दुसरी सहदेवच्या उजव्या डोळ्यात.

आठवड्याने हेडमास्तर चौकशीला आमच्या खोलीत आले, तेव्हा त्याची बायको दुर्गाबाई त्यांच्या पुढ्यात उभी राहिली. कागदावर लिहून झालं होतं: चपराशाने न विचारता काडी लावली.

"मास्तर, तुमी तं तिथंच होते. सांगा ना, काडी कोनं लावली ते."

शेषराव मास्तर खिडकीकडे बघत म्हणाले, "माही पाठ होती. मले काई दिसलं नाई."

त्यांचे दोन्ही डोळे शाबूत होते. सहदेवला कामावरून काढलं.

साहेबांची तपासणी लांबली होती, ती पुढच्या महिन्यात झाली. त्या दिवशी मास्तरांनी बाटलीतली सगळी हवा निघून जाऊ दिली. आधी लहान नळीत थोडा वायू धरून पेटवून पाहिला; तो शांत जळला, तेव्हाच मोठी ज्योत लावली. बशीवर थेंब जमले. साहेब म्हणाले, "फार सावध शिक्षक आहात." मास्तरांनी मान झुकवून ते ऐकून घेतलं. खोलीच्या दाराशी नवा चपराशी उभा होता.

आता मास्तर हेडमास्तर झालेत. माझा काठ उडालाय, झाकणाची काच नीट बसत नाही, वायू निसटतो. उद्या मला भंगारात देणार आहेत. खुशाल द्या. पण कपाटातला तो कागदही माझ्यासोबत द्या. त्यावर लिहिलेलं खोटं आहे.

मी तिथे होते.