पाच तासांत दिल्ली

गिरणीला कुलूप लागल्यापासून मंडळींच्या गप्पाही आटल्या होत्या. त्यात ही जलद गाडी आली. म्हणजे गाडी नाही, नुसती बातमी. दिल्लीहून आपल्या इंदूरला पाच तासांत! नवा मार्ग बांधणार, त्यासाठी परदेशी कर्ज काढणार. झालं, जो तो रेल्वेमंत्री झाला. रविवारी युनियनच्या हॉलमध्ये सभा ठरली.

गिरणीतला जुना कामगार धोंडिबा मात्र या बातमीने धास्तावला. आपला ज्ञानदीप दिल्लीत असतो, असं त्यानेच सगळ्यांना सांगितलं होतं. खरं म्हणजे पोरगा देपालपुरात होता, बसने तासाभरावर. आईच्या, चंपाच्या, शेवटच्या आजारपणात बापाने हयगय केली म्हणून भांडून गेला, तो चार वर्षांत फिरकला नव्हता. दिल्लीचा मुलगा येत नाही, हे लोकांना पटतं. तासाभरावरचा येत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि आता ही भवानी दिल्लीच जवळ आणायला निघाली होती.

सभेत तरुण पोरं गाडीच्या बाजूची. "मार्केट खुलं झालंय, गाडी आली की कारखानेपण येतील," एक जण म्हणाला. धोंडिबा जन्मात कधी सभेत बोलला नव्हता. तो उठला.

"कोणाला हवीये ही गाडी? इथे गिरणी बंद, अन् तिकडे करोडो रुपये रुळांवर? आपल्याला कुठे जायचंय इतक्या घाईने? पहले गिरणी चालू करा!"

त्याचा आवाज थरथरत होता. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा गिरणीसाठी जीव तुटतोय. टाळ्या थांबेनात. खाली बसताना धोंडिबाला स्वतःचीच लाज वाटली.

तिथल्या तिथे ठराव झाला. विरोधाचं निवेदन घेऊन पाच जण दिल्लीला जाणार, आणि पहिलं नाव धोंडिबाचं. गिरणीतला त्याचा जुना सोबती बाबूराव खुशीत आला. "वा भिया! उतरायचीपण चिंता मिटली. सगळे ज्ञानदीपकडेच थांबू."

धोंडिबा घाईघाईने म्हणाला, "तो नाही तिथे आता. बदली झाली त्याची."

"अरे! कुठे?"

"मद्रासला."

"बाप रे, इतक्या दूर?" बाबूरावने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "एकदम एकटा पडलास रे यार."

चार वर्षांत हे त्याला कोणी म्हटलं नव्हतं. भरल्या सभेत धोंडिबा ढसाढसा रडला, आणि बाबूराव बिचारा मद्रासला जायला कुठली गाडी सोयीची, ते सांगून त्याची समजूत घालत राहिला.