खिडकीकडे तोंड

मित्रांनो, मी एक जुना कुत्रा आहे. मातीचा, तपकिरी झिलईचा. ओहायो नदीकाठच्या कारखान्यात दिवसभर बरण्या घडवून झाल्या की एलिहू कुंभार उरलेल्या मातीशी खेळत बसे. त्यातून आम्ही दोघे घडलो. मी उजवीकडे पाहणारा, भाऊ डावीकडे. त्याची बायको मेहिटाबेल हिने आम्हाला शेकोटीवरच्या फळीच्या दोन टोकांना ठेवले. अकरा वर्षे आम्ही एकमेकांकडे पाहत होतो.

"खायला मागत नाहीत, गुणी आहेत," एलिहू म्हणे.

"आणि तुमच्यासारखे घोरतही नाहीत," मेहिटाबेल म्हणे.

मग थोरली लेक लोविना लग्न करून दूर पश्चिमेला, ऑरेगॉनला निघाली. बैलगाडीची सहा महिन्यांची वाट. आईने माझ्या भावाला मक्याच्या पिठाच्या पिंपात खोल पुरले.

"आई, जोडी कशाला फोडतेस गं?"

"पीठ संपत आलं की हा वर येईल. तेव्हा माझी आठवण काढ. आणि परत येशील तेव्हा याला घेऊन ये."

मी रिकाम्या टोकाकडे पाहत राहिलो. एका शनिवारी धूळ पुसताना मेहिटाबेलने मला खिडकीकडे वळवले. तिथून पश्चिमेचा रस्ता दिसतो.

धाकटी ड्रुसिला हसली. "अगं, पाहुण्यांकडे पाठ! यांच्या कुत्र्यालाही वळण नाही म्हणतील."

"म्हणू देत. मला दिवसभर खिडकीत उभं राहता येत नाही. हा राहील."

लोविना निघाल्यापासून नऊ वर्षांनी एक लाकडी पेटी आली. आत कोंड्यात माझा भाऊ होता, कानाचा टवका उडालेला. सोबत जावयाचे पत्र. ड्रुसिलाने ते वाचायला घेतले आणि दुसऱ्याच ओळीवर थांबली. लोविना मार्चमध्ये तापाने गेली होती. 'आईचा कुत्रा आईला पोचवा,' एवढेच ती शेवटी बोलली होती.

नऊ वर्षे मी भावाची वाट पाहिली होती. तो आला, आणि आला नसता तर बरे झाले असते, असे मला वाटले.

ड्रुसिलाने आम्हाला पुन्हा समोरासमोर ठेवले. मेहिटाबेल उठली. भावाच्या कानातला कोंडा तिने बोटाने काढला आणि आम्हा दोघांनाही खिडकीकडे वळवले.

"आता कोण येणार आहे, आई?"

मेहिटाबेलने पदराने खिडकीची काच पुसली.

आज तीही नाही. मित्रांनो, पुसताना आम्हाला मानेला धरून उचलू नका. दोन्ही हात लावा. समोरासमोर आम्ही शोभून दिसतो, हे मलाही ठाऊक आहे. तरी परत ठेवताना आमची तोंडे रस्त्याकडेच असू द्या.