पाहुण्यांची बाज

मी पाहुण्यांची बाज बोलतेय. हो, तीच, वैनगंगेतल्या टापूवरची, भैय्याजींच्या अंगणातली. माझ्यावर फक्त पाहुण्यांनी बसायचं, घरच्यांनी नाही, असा आमच्याकडचा नियम. त्यामुळे अंगात थोडा तोरा आहे, लपवत नाही.

माझं लाकूड ऐनाचं. करडी गावच्या सुतारानं मला घडवलं आणि भैय्याजींनी डोंग्यात घालून नदीपार आणलं, चारही पाय आभाळाकडे करून! काय ती माझी वरात! अंबाडीच्या दोरानं त्यांनीच मला विणलं. त्यांचा अमर माझ्यावर उड्या मारतच मोठा झाला. त्याला नियम कोण सांगणार? पुढे तो नागपूरला नोकरीला लागला, तिथेच लग्न केलं आणि आमच्याकडचे पाहुणे आटले. माझ्यावर मिरच्या वाळू लागल्या. एकदा तर बकरी येऊन बसली. त्या दिवशी मला रडूच आलं.

या मे महिन्यात अमर आला. बायको रिता आणि लेक गुड्डी पहिल्यांदाच टापूवर आल्या. पण बॅगा कुणी उघडेना.

"संध्याकाळच्या डोंग्यानं वापस जातो," अमर म्हणाला. "रिताले करमणार नाही इथं."

खरंच होतं म्हणा. इथे गाडी नाही, हॉर्न नाही, मोबाइलला रेंज हवी तर चिंचेवर चढा. अमरची आई शकुनबाई पन्ह्याचे पेले घेऊन नुसती आतबाहेर करत राहिली. सून-नात चार दिवस राहाव्यात, एवढंच तिच्या मनात होतं.

पाहुणे बघायला सगळा शेजार लोटला. "बसा ना," म्हणत रितानं साऱ्या बायकांना माझ्यावरच बसवलं. शेवटच्या बाई टेकल्या आणि माझा जुना दोर तटकन तुटला. रिता मधोमध खाली, पाय वर! मग रिताच हसत सुटली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

भैय्याजी मात्र गंभीर झाले. "पाहुण्याच्या खाली बाज तुटली, तं ते विनून होईपर्यंत पाहुण्यानं जाऊ नाही. रीत हाये आपली."

"किती वेळ लागते, बाबा?"

"उद्या सांजवरी होते."

म्हणून मंडळी थांबली. गुड्डी टेंभरं खात गावभर हुंदडू लागली. रिता सकाळ-संध्याकाळ नदीत डुंबू लागली. दुसरी सांज उलटून गेली, तरी माझं विणकाम काही पुढे सरकेना.

"काल तं इथवर विनली होती ना?" भैय्याजी डोकं खाजवत.

मला ठाऊक होतं. दुपारी सगळे कलंडले की रिता हळूच यायची, चार ओळी उसवायची आणि दोर नीट गुंडाळून ठेवायची.

काल शकुनबाईनं तिला पकडलं. रिताच्या हातात दोर तसाच राहिला.

"आई, ते... मी..."

शकुनबाई तिच्या शेजारी बसली.

"दे इकडं. हे गाठ तुह्यानं सुटन नाही," म्हणाली आणि दुसऱ्या बाजूनं उसवायला लागली.

दोघी तोंडाला पदर-ओढणी लावून हसत होत्या. आज मी पुन्हा अर्धीच आहे. भैय्याजी, तुमचा हात चांगला आहे, पण पाया पडते, जरा चुकत जा.