सम ओळी उलट्या

ऋजुताने फ्लॉपी आत सारली, साच्याच्या मापांची फाईल इम्पोर्ट केली आणि पडद्यावर उमटलेल्या चोवीस वळणदार ओळींवर सरफेस, म्हणजे अखंड पृष्ठभाग, चढवला. तो पिळलेल्या टॉवेलसारखा मुरगळला. सगळ्या ओळी एकाच बाजूने सुरू झाल्या तरच तो सरळ बसे, म्हणून कुठली ओळ कुठून सुरू होते ते ती पाहू लागली. पहिली डावीकडून उजवीकडे. दुसरी उजवीकडून डावीकडे. तिसरी पुन्हा डावीकडून.

तिने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

ही खोड एकाच माणसाची होती. गुम्मिडिपूंडीच्या फौंड्रीत पंपाच्या लाकडी साच्यांची मापं घेणारे वेंकोबा राव, तंजावरकडचे मराठी. चार वर्षं ते सम ओळी उलट्या पाठवत आणि ऋजुता मुकाट्याने त्या सुलट करी. एकदा फोनवर तिने टोमणा मारलाच होता.

"राव, तुमच्या निम्म्या ओळी उलट पावली का परततात?"

"परतूं द्या की ताई. त्यांनाही घर आहे."

वेंकोबा राव जाऊन एकवीस दिवस झाले होते. फाईलवर परवाची तारीख होती.

"पिळला ना?" मागून राममूर्ती सरांनी विचारलं. ते तमिळमध्ये इंग्रजी कालवून बोलत. सांगलीच्या ऋजुताला आता ते सवयीचं झालं होतं. "रावांच्या जागी कुणीतरी नवीन बसलाय. जाऊन बघ. एकाने मोजायचं, दुसऱ्याने पडताळायचं, हा आपला नियम. दोघं असतील तर काम त्यांच्याकडे राहू दे. एकटाच असेल तर पुढच्या महिन्यापासून बाहेर मशीनवर मोजून घेऊ."

"आकडे बरोबर आहेत, सर."

"आकडे नाही विचारले. माणसं मोजून ये."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ऋजुता स्वतःला बजावत राहिली, की भुतं फ्लॉपी पाठवत नाहीत, आणि पाठवलीच तर तिच्यावर तारीख नसते.

फौंड्रीच्या मागच्या खोलीत लोखंडी टेबल होतं, टेबलावर साचा, आणि टेबलाच्या दोन बाजूंना दोन स्टुलं. उजवीकडच्या स्टुलावर पन्नाशीची एक बाई बसली होती, कपाळ मोकळं. तिने उंची मोजायच्या गेजचं टोक साच्याला टेकवलं, आकडा मोठ्याने म्हटला, जराशी थांबली आणि मग स्वतःच वहीत लिहिला.

"मी कनका. रावांची बायको," ती म्हणाली. "तुम्ही फोनवरच्या ऋजुता की? आवाजावरून जाड असाल वाटलेलं."

"मापं तुम्ही घेता?"

"पहिल्यापासून. एक ओळ त्यांची, एक माझी. ते त्या बाजूने, मी ह्या बाजूने. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं, मग एकमेकांच्या चुका काढायच्या. त्यांना माझ्या फारशा सापडत नसत."

म्हणजे चार वर्षं ऋजुताने सुलट केलेली प्रत्येक ओळ ह्या बाईची होती.

"मग आता सगळ्याच ह्या बाजूने घ्या ना. तुमचेही हेलपाटे वाचतील."

ओळ संपली होती. कनका उठली, टेबलाला वळसा घालून डावीकडच्या स्टुलापाशी गेली आणि पदर आवरून उभी राहिली.

"सरकां जरा," ती हलकेच म्हणाली, आणि स्टुलाच्या अर्ध्या भागावर बसली. गेज टेकवला. आकडा म्हटला. थांबली. "बरोबर की?"

हे ऋजुताला विचारलेलं नव्हतं.

"उभ्या कां, ताई? ते स्टूल रिकामं आहे, बसां." कनकाने स्वतःच्या स्टुलाकडे बोट केलं. ऋजुता तिथे बसली. साच्यावरची नजर न काढता, कनकाने विचारलं, "काम राहील न? घरी बसून काय करूं मी? घरात ते कधी नव्हतेच. होते ते इथे."

ऋजुता ओळ संपेपर्यंत तिथेच बसून राहिली. निघताना तिने कनकाचा निरोप घेतला, आणि दाराशी पोचल्यावर, का ते न कळता, पुन्हा एकदा वळून डावीकडच्या स्टुलाच्या रिकाम्या अर्ध्या भागाकडे मान लववली.

ऑफिसात राममूर्ती सरांनी फॉर्म पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं.

"हं. किती माणसं?"

"दोन," ऋजुता म्हणाली.