पान दोनशे चाळीसनंतर

मित्रांनो, मी रहस्यकथांचा एक जुना संग्रह आहे. तांबड्या कापडी बांधणीचा, नऊ कथांचा आणि, लपवून काय उपयोग, जन्मतः अपुरा. माझी दोनशे चाळीस पाने नीट वाचता येतात. त्यापुढे दोनशे एक्केचाळिसावे पान यायला हवे, तेथे पुन्हा दोनशे पंचविसावे येते. एका मोठ्या कागदावर सोळा पाने छापून त्याची घडी घालतात, त्या घडीला फर्मा म्हणतात. माझ्यात पंधरावा फर्मा दोनदा शिवला गेला आणि सोळावा, शेवटचा, राहूनच गेला. रहस्यकथांच्या पुस्तकाला शेवट नसावा, यापरते दुर्दैव कोणते? तरीही माझे आयुष्य फुकट गेले असे मला वाटत नाही.

मी जन्मलो त्या छापखान्यात अक्षराचा एकेक शिशाचा खिळा हाताने उचलून ओळ जुळवीत असत. हे काम करणाऱ्याला जुळारी म्हणत. माझा जुळारी मितभाषी आणि करड्या शिस्तीचा होता. डाव्या हातात ओळ जुळवायची पट्टी धरून तो चिमणीने दाणे टिपावेत तसे खणांतून खिळे टिपत असे. उलटी अक्षरे वाचण्याची त्याला इतकी सवय जडली होती की रस्त्यावरची सुलट पाटी पाहिली की तो अडखळतो, अशी त्याचे सोबती थट्टा करीत. त्याचा नियम एकच होता : मूळ प्रतीप्रमाणे. लेखकाचे वाक्य कितीही वाकडे असो, त्यातली एक वेलांटीही तो हलवीत नसे. एकदा मालकांनीच एक शब्द बदलायला सुचवले, तेव्हा त्याने उत्तर दिले होते, "लेखकाला विचारा. मी हमाल आहे, मालक नाही."

फर्मे क्रमाने एकावर एक रचताना बांधणीवाल्याने गप्पांच्या भरात एकाच ढिगाला दोनदा हात घातला, आणि मी असा झालो. तपासणीत पकडला गेलो आणि रद्दीवर जाऊन पडलो. संध्याकाळी हात धुऊन निघालेल्या जुळाऱ्याने मला उचलले.

"अरे, त्याला शेवट नाही," बांधणीवाला म्हणाला.

"मला पाठ आहे," एवढेच बोलून त्याने मला काखेत मारले.

त्याचे घर दोन खोल्यांचे होते. खिडकीपाशी शिलाईचे यंत्र होते. त्याची बायको लोकांचे कपडे शिवून देत असे, आणि घरात कायम कापडाच्या खळीचा वास असे. मी आलो त्याच वर्षी ती आजारी पडली आणि गेली. यंत्रावर चादर पडली. नऊ वर्षांची लेक मुकी झाल्यासारखी वागू लागली. बापाला बोलून समजूत घालणे जमत नव्हते. वाचणे तेवढे जमत होते. म्हणून दिवेलागणीला तो मला मांडीवर घेऊन बसे आणि रोज एक कथा वाचून दाखवी.

माझ्या कथांतला गुप्तहेर कानाने जरा कमी ऐकतो, त्यामुळे तो माणसांच्या हातांकडे पाहतो. जीभ खोटे बोलते, हात बोलत नाहीत, असे त्याचे म्हणणे. तो कधीही चुकत नाही. आठ संध्याकाळी त्याने आठ गुन्हेगार शोधले, आणि चौथ्या संध्याकाळपासून ती पोर मध्येच "थांबा, मी सांगते!" म्हणू लागली. त्या घरात पुन्हा आवाज आला तो माझ्यामुळे, हे आठवले की माझा तांबडा रंग आणखी गडद होतो.

नवव्या संध्याकाळी शेवटची कथा आली. एका बंगल्यातल्या बाईसाहेबांचा पाचूचा हार चोरीला जातो. गुप्तहेर सर्वांना दिवाणखान्यात जमवून सांगतो, चोर याच खोलीत आहे. आणि कोपऱ्यात बसून पडदे शिवणाऱ्या बाईचा हात टाक्यावरच थांबतो. तेथे माझे दोनशे चाळिसावे पान संपते.

लेकीने हळूच विचारले, "बाबा, त्या शिवणाऱ्या बाईला धरून नेणार का हो?"

बापाने तिच्याकडे पाहिले. मग शेजारच्या पानावरच्या भलत्याच मजकुरावर नजर ठेवून तो वाचतच राहिला. गुप्तहेर त्या बाईला बाजूला नेऊन विचारतो, "हार घेतलास, पण विकला का नाहीस?" ती सांगते, की तिच्या मुलीने एकदा त्या हाराला बोट लावले म्हणून बाईसाहेबांनी तिच्या थोबाडीत मारली होती. मुलीला एकदाच, एकदाच तो गळ्यात घालून आरशात पाहू द्यायचे आणि परत ठेवायचा, एवढेच तिच्या मनात होते. गुप्तहेर दिवाणखान्यात परत येतो, हार मेजावर ठेवतो आणि जन्मात प्रथमच म्हणतो, "चोरी झालीच नव्हती. माझा तर्क चुकला."

ती पोर त्या रात्री गाढ झोपली.

मजकूर पानावर नाही, हे मला दिसत होतेच. पण पाठ असलेले सांगतो आहे, असे मी समजून चाललो. माझा शेवट इतका सुंदर आहे, याचा मला केवढा अभिमान वाटला! तो त्याने तेथल्या तेथे मनाने रचला होता, हे कळायला मला पंचवीस वर्षे लागली.

त्या पंचवीस वर्षांविषयी फार सांगण्याजोगे नाही. लेक मोठी झाली. छापखान्यात संगणक आले, खिळे वितळवले गेले, जुळारी घरी बसला. मी कपाटावर, एका मोडक्या छत्रीमागे. कसर माझ्या कडा कुरतडत होती, आणि मी, खरे सांगतो, त्या किड्यांची वाट पाहू लागलो होतो. निदान कुणीतरी पाने उलटत होते.

एके दिवशी लेकीने मला खाली काढले. ती दूरचित्रवाणीसाठी पटकथा लिहू लागली होती. माझ्या नऊ कथांची नऊ भागांची मालिका होणार होती. माझी प्रत बाजारात केव्हाच मिळेनाशी झाली होती, पण तिला काय त्याचे? शेवट तिला ठाऊक होता.

"मूळ प्रतीप्रमाणे कर म्हणजे झालं," बाप म्हणाला.

"बाबा, घोडागाडी कुठून आणू?"

"मग करतेस कशाला?"

फळीवर माझी जागा आता दूरचित्रवाणी संचाच्या अगदी समोर होती. पहिल्या भागाच्या संध्याकाळी मी मनातून फार घाबरलो होतो. शेजारचे घड्याळजी मुद्दाम येऊन बसले. त्यांनी तरुणपणी वाचनालयात मला वाचले होते आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत.

पाऊण तासाने त्यांनी निकाल दिला. "पार चोथा केला हो तुमच्या लेकीनं! आमचा गुप्तहेर उंच होता. हा तर माझ्या मेहुण्यासारखा दिसतो."

"नावांच्या यादीत तीन चुका आहेत, तेवढ्या सांग त्यांना," बाप लेकीला म्हणाला.

घड्याळजींचे दुःख मला समजत होते. कालपर्यंत माझ्या गुप्तहेराला जितके वाचक तितके चेहरे होते. आज त्याला एकच चेहरा मिळाला. पण मित्रांनो, पडद्याकडे मी जसजसा पाहत गेलो, तसतसा माझा मत्सर विरघळत गेला. माझ्यात एका ओल्या जिन्याच्या वर्णनाला दीड पान लागते. तेथे एक पाऊल पडले, लाकूड कुरकुरले, आणि मलाच धस्स झाले. तिसऱ्या कथेत माझे सारे रहस्य एका हरवलेल्या तारेवर उभे आहे. आज खिशाखिशात फोन असताना तार हरवणार कशी? लेकीने काय केले असेल? तिच्या कथेत निरोप पोहोचला होता, वाचलाही गेला होता. उत्तर मात्र कुणी दिले नव्हते. हरवलेल्या तारेपेक्षा हे किती भयंकर! माझ्या कथांतल्या बायका दार उघडतात, चहा आणतात आणि प्रेत दिसले की बेशुद्ध पडतात. तिच्या बायका प्रेत तपासत होत्या. आणि जुन्या रहस्यकथेची जी खरी नीती, उलगड्याचा प्रत्येक धागा वाचकाला आधी दाखवण्याची, ती तिने प्राणपणाने पाळली होती. काही ठिकाणी माझी संथ चाल तिला झेपली नाही. धावाधाव जरा जास्तच झाली. ते असो. मला आरशात पाहिल्यासारखे वाटत होते, आणि आरशातला मी माझ्याहून तरतरीत होतो.

नवव्या भागाच्या चित्रीकरणाला चार दिवस उरले असताना लेक दुपारीच घरी आली. तिच्या हातात माझ्याच रंगाचे एक पुस्तक होते. दिग्दर्शकाच्या सहायकाने कुठल्याशा संग्राहकाकडून माझी धडधाकट प्रत पैदा केली होती. त्या प्रतीत सोळावा फर्मा होता.

"बाबा," ती म्हणाली, "शेवट असा नाहीये. सगळे मला म्हणताहेत, मॅडम, तुम्ही मूळ पुस्तक वाचलंच नाही का?"

बापाने ती प्रत हातात घेतली नाही. त्याने डोळे मिटले आणि बोलू लागला. बोलताना त्याचा उजवा हात हवेतल्या खणांतून एकेक अक्षर टिपत होता. गुप्तहेर शिवणाऱ्या बाईकडे बोट दाखवतो. हार तिच्या टोपलीत सापडतो. शिपाई तिला ओढत नेतात. तिने असे का केले, हे कुणी विचारत नाही. पाहुणे टाळ्या वाजवतात. गुप्तहेर आपला पेला उचलतो, आणि शेवटचे वाक्य येते : त्यातला चहा अजून गरम होता.

लेक पुस्तकावर बोट ठेवून पडताळत होती. एका कान्याचाही फरक निघाला नाही. माझा खरा शेवट मीही त्या दुपारी पहिल्यांदाच ऐकला. तो चोख होता, आणि अंगावर काटा आणणारा होता.

"मग मला का नाही हे वाचून दाखवलं?"

"कसं दाखवणार? तू माझ्याकडे बघत होतीस." त्याने डोळे उघडले. "तेहतीस वर्षं खिळे जुळवले, पोरी. कुणाचं अक्षर बदललं नाही. तेवढं एकदाच लेखकाच्या नावावर खोटं वाचलं. ते आता गावभर दाखवू नकोस. लेखकाचं लेखकाला दे."

"आणि मला त्यावरच झोप लागत होती, त्याचं काय करू?"

बाप उठून गॅलरीत गेला. पेच साधा होता आणि सुटण्याजोगा दिसत नव्हता. छापील शेवट घेतला तर तिचे सारे बालपण ज्या उशीवर टेकले होते तीच खोटी ठरत होती. बापाचा घेतला तर त्याच्या आयुष्यातली एकुलती एक लबाडी चारचौघांत उघडी पडत होती. तीन दिवस घरात दोघेही फक्त मीठ आणि वर्तमानपत्र मागण्यापुरते बोलले. लेक रात्रंदिवस लिहीत होती आणि खोडत होती. चौथ्या दिवशी सकाळी तिने दिग्दर्शकाला फोन लावला. "मूळ शेवट पूर्ण घेतेय. एक शब्दही गाळत नाही," ती म्हणाली. त्यापुढे जे म्हणाली, ते तिने दार लोटून घेऊन सांगितले.

नवव्या भागाच्या संध्याकाळी बाप वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसला. घड्याळजी आले. लेक दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. बसायला काही तयार होईना.

पडद्यावर गुप्तहेराने बोट दाखवले. वर्तमानपत्रामागे बापाचे ओठ हलत असावेत, कारण कागद किंचित थरथरत होता. हार सापडला. शिपायांनी बाईला नेले. टाळ्या झाल्या. गुप्तहेराने पेला उचलला. त्यातून वाफ निघत होती.

"त्यातला चहा अजून गरम होता," बाप पुटपुटला आणि त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. "बरोबर. मूळ प्रतीप्रमाणे."

पण चित्र संपले नाही. टाळ्या चालूच होत्या, नको इतका वेळ चालू होत्या, आणि गुप्तहेर टाळ्या वाजवणाऱ्या त्या हातांकडे पाहत होता. अंगठ्या घातलेले, मऊ, कधी सुई न टोचलेले हात. त्याने चहा न पिता पेला खाली ठेवला. तो व्हरांड्यात गेला, त्याने शिपायाला थांबवले आणि त्या बाईला विचारले, "हार घेतलास, पण विकला का नाहीस?"

बाईचे उत्तर झाले. गुप्तहेर दिवाणखान्यात परत आला, आणि इतक्या टाळ्यांनंतर, त्या सगळ्यांच्या तोंडावर, म्हणाला, "माझा तर्क चुकला."

घड्याळजी ताडकन उठले. "हे पुस्तकात नाहीये! अहो, मी वाचलंय! टाळ्यांशी संपते गोष्ट. काय हो जुळारी, तुम्ही तर स्वतः जुळवलीत, सांगा ना तुमच्या लेकीला. आहे का हे पुस्तकात?"

लेक बापाकडे पाहत होती. मीही पाहत होतो.

जुळाऱ्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत घातला.

"नाही," तो म्हणाला. "छापायचं राहून गेलं होतं."

मित्रांनो, ती धडधाकट प्रत आता माझ्या शेजारीच असते. मालिका पाहून शेजारची मुले येतात, तेव्हा कधी तिला उचलतात, कधी मला. तुम्हीही पडद्यावर गोष्ट पाहा, मनमुराद पाहा. ते माझेच धाकटे भावंड आहे. पण मग एकदा फळीपाशीही या. माझी पाने ओल्या हातांनी धरू नका, कोपरे दुमडू नका, वर्षातून एकदा तरी धूळ झटका. मी अपुरा दिसलो म्हणून रद्दीत घालू नका. आणि कुणा लहानग्याला वाचून दाखवत असाल, तर अधूनमधून माझ्यावरून नजर उचलून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत जा. मला त्याचा मुळीच राग येत नाही.