शेजाऱ्यांची मांजर

कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या सरकीच्या ढिगात धापा टाकत पडलेलं मांजरीचं पिल्लू उमादेवींनी पदरात घालून घरी आणलं आणि त्याचं नाव गुंडी ठेवलं. परभणीच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, हिची सर्दी मुरलेली आहे, जन्मभर जायची नाही. तेव्हापासून रोज वाफ द्यायची आणि दिवसभर पदराने नाक पुसायचं, हे उमादेवींच्या अंगवळणीच पडलं. गुंडीही शिंकली की नाक वर करून, डोळे मिटून त्यांच्यापुढे बसायची.

आज मात्र त्यांनी तिला सकाळीच कोठीत कोंडलं. लेकीला, शिवरंजनीला, बघायला मानवतचे पाहुणे आले होते, आणि ऐन बोलणीत शिंक म्हणजे अपशकुन.

चहा झाला. मुलाचे वडील पसंती सांगायला घसा खाकरतात न खाकरतात, तोच कोठीचं नीट न लागलेलं दार ढकलून गुंडी बैठकीत आली आणि फटाफट शिंकली.

"शेजाऱ्यांची हाय ओ," उमादेवी घाईघाईने म्हणाल्या. "कुठून घुसली, काय माहीत!"

तो ओळखीचा आवाज ऐकून गुंडी सरळ त्यांच्यापाशी आली. नाक वर केलं, डोळे मिटले आणि बसून राहिली. उमादेवींनी पदर मुठीत आवळून धरला. गुंडीचं नाक ओठापर्यंत वाहिलं, तरी ती हलली नाही.

मुलाची आई मघापासून बघत होती.

"पुसा की ओ," ती हळूच म्हणाली. "वाट बघायलीय ती."